यंदा येऊ नका, मी नीट जेवतो आहे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची नोव्हेंबरची तिकिटे मी काल पुढे ढकलली. आता तुम्ही मे महिन्यात यायचे आहे. हे फोनवरच सांगायला हवे होते, परंतु फोनवर असे काही निघाले की आई गप्प होते, बाबा "बरं, बघू" म्हणून पावसाचा विषय काढतात, आणि मला जे सांगायचे असते ते तसेच राहते. म्हणून हे पत्र लिहितो आहे. दोघांनी एकत्र बसून वाचावे, आणि आईने शेवटपर्यंत वाचल्याशिवाय डोळ्यांना पदर लावू नये.

डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही असे सांगितले आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांचा शब्द मी मोडत नाही. पण जूनमध्ये बाबांना दोन स्टेंट बसले आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई ते अमेरिकेतले न्यूअर्क असा पंधरा तासांहून अधिक विमानप्रवास, त्यावर लगेच इथला हिवाळा, हे मला पटत नाही. जानेवारीत इथे पारा शून्याखाली जातो, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. शिवाय पाहुण्यांसाठी जो विमा मिळतो त्यात आधीपासूनच्या आजारावरचा खर्च बहुतेक धरत नाहीत. मे महिन्यात झाडांना पालवी असेल आणि बाबांना सकाळी स्वेटरशिवाय फिरता येईल. काकांच्या वेळी आपण सगळ्यांनी मिळून जी घाई केली, ती मला पुन्हा करायची नाही. एवढे बोलून मी हा विषय इथे थांबवतो.

खरे म्हणजे यंदा येण्याची घाई बाबांना नव्हतीच, ती आईला होती, आणि तिचे कारण मी होतो. मार्चमध्ये डबा देणाऱ्या काकू मुलीकडे राहायला गेल्या आणि माझा डबा बंद झाला. तेव्हापासून दर रविवारी आई "काय जेवलास?" असे विचारते आणि मी "जेवलो काहीतरी" असे सांगतो. त्या एका उत्तराने तुझी किती रात्रींची झोप गेली असेल, हे ताईने मला गेल्या आठवड्यात सांगितले. चूक माझी आहे, आई. मी रात्री ताजे आणि गरम जेवतो, स्वतः रांधून जेवतो. परवा गुरुवारी काय केले आणि कसे केले ते सगळे आता सांगतो, म्हणजे तुला माझे ताट डोळ्यांपुढे दिसेल.

मी जिथे राहतो ते ब्लूमफील्ड गाव न्यूअर्कला लागून आहे. या सगळ्या भागात जुनी इटालियन वस्ती आहे. साधारण १८८० ते १९२४ या काळात इटलीतून, त्यातही नापोली, कालाब्रिया, सिसिली अशा दक्षिणेकडच्या गरीब मुलखातून, सुमारे ४० लाख माणसे अमेरिकेत आली. गावाकडे त्यांच्या ताटात मांस सणासुदीलाच पडत असे. इथे कारखान्यांत आणि रस्त्यांच्या कामावर मजुरी मिळू लागली, तेव्हा ते आठवड्याला परवडू लागले. त्या घरांतून रुळलेला एक साधा पदार्थ म्हणजे सॉसेज, ढोबळी मिरची आणि कांदा. काही घरांत त्यात बटाटाही घालतात. सगळे एकाच तव्यात होते आणि पाऊण तासात पान वाढता येते. कामावरून साडेसहाला परतलेल्या माणसाला याहून सोयीचे काय असणार?

सॉसेज म्हणजे काय, ते बाबांना सांगायला नको. ताईच्या लग्नाआधी आपण गोव्याला गेलो होतो, तेव्हा म्हापशाच्या बाजारात माळांसारखे टांगलेले लालभडक चोरीस त्यांनी पाहिले होते. इटालियन सॉसेज त्याच कुळातले, पण स्वभावाने वेगळे आहे. चोरीसमध्ये व्हिनेगर आणि भरपूर लाल मिरची असते आणि ते वाळवून टिकवतात. हे मात्र ताजे आणि कच्चे असते, शीतकपाटात ठेवावे लागते आणि दोन दिवसांत शिजवावे लागते. खिम्यात मीठ, मिरे, लसूण आणि मुख्यतः बडीशेप घालून तो आतड्याच्या पातळ वेष्टणात भरतात. 'गोड' आणि 'तिखट' अशा दोन जाती मिळतात. गोड म्हणजे साखरेचे नव्हे, फक्त लाल मिरची न घातलेले. पहिल्यांदा तवा तापला आणि त्या बडीशेपेचा वास सुटला, तेव्हा मला जेवणानंतर बाबांच्या हातातली ती पितळी डबी आठवली आणि मी थोडा वेळ गॅस मंद करून नुसता उभा राहिलो.

आई, हे सॉसेज मूळचे डुकराच्या मांसाचे असते. मी तेही खाल्ले आहे आणि ते तुझ्यापासून लपवणार नाही. तू माळ घातल्यापासून आपल्या घरात मटण शिजत नाही, आणि त्या घरात मी कधी ते मागणारही नाही. इथे मात्र मी आता बहुतेक वेळा कोंबडीच्या मांसाचे सॉसेज आणतो, कारण त्यात चरबी कमी असते, आणि आठवड्यातून एकदाच आणतो, कारण एका सॉसेजमध्ये पाचशे-सहाशे मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार दिवसभरात दोन हजारांपेक्षा कमी पोटात जावे. म्हणून मी एका वेळी एकच सॉसेज घेतो आणि ताटाचा उरलेला भाग भाजीने भरतो. वरून मीठ घालत नाही.

आता कृती. इथल्या इटालियन खाटकाच्या दुकानाला लोक 'पोर्क स्टोअर' म्हणतात. तिथल्या वयस्कर दुकानदाराने मला सुरुवातीला दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यांवरच सगळे अवलंबून आहे. एक म्हणजे सॉसेजला टोचे मारू नयेत, कारण त्यातला रस वाहून जातो आणि आतला खिमा भुशासारखा कोरडा पडतो. दुसरे म्हणजे ते थेट मोठ्या आचेवर टाकू नये. बाहेरून करपते, वेष्टण फाटते आणि आत कच्चे राहते. मी बिडाच्या तव्यात चार सॉसेज ठेवतो, पाव वाटी पाणी घालून झाकण ठेवतो आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटे वाफ येऊ देतो. मग झाकण काढले की पाणी आटते, चमचाभर तेल सोडायचे, आणि सॉसेज फिरवत फिरवत चहूबाजूंनी खरपूस तांबूस होऊ द्यायचे. कोंबडीचे असेल तर तेल थोडे जास्त लागते, कारण त्याची स्वतःची चरबी फारशी सुटत नाही.

बाबा, इथे तुमच्या आवडीची गोष्ट येते. मांस शिजले की नाही ते मी रंगावरून ठरवत नाही, सुईच्या तापमापकाने मोजतो. डुकराचे असेल तर मध्यभागी १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस, आणि कोंबडीचे असेल तर १६५, म्हणजे ७४ सेल्सिअस व्हायला हवे. सुई मात्र टोकाकडून आत घालायची. कारखान्याच्या प्रयोगशाळेत तुम्ही मला रसाचे तापमान वहीत लिहायला लावत होता आणि अंदाजाने लिहिलेला आकडा खोडायला लावत होता. ती सवय अशी स्वयंपाकघरात उपयोगी पडली आहे.

सॉसेज ताटलीत काढले की त्याच तव्यात बटाटे घालतो. दोन बटाट्यांच्या जाडसर चकत्या, अगदी तुझ्या काचऱ्यांसारख्या, फक्त थोड्या जाड. त्या आधी पाच मिनिटे उकळत्या पाण्यातून काढतो, नाहीतर बाकीच्या भाज्या गळून जातात आणि बटाटा करकरीत राहतो. एका बाजूने सोनेरी होईपर्यंत त्यांना हलवायचे नाही, हे तूच शिकवले आहेस. मग एक मोठा कांदा उभा चिरून, आणि दोन ढोबळ्या मिरच्या, एक लाल व एक हिरवी, बोटभर रुंद पट्ट्या करून घालतो. हिरवी मिरची म्हणजे न पिकलेली. तीच झाडावर पिकली की लाल होते आणि गोड लागते, म्हणून दोन्ही घेतल्या तर कडसर आणि गोड अशी दोन्ही चव येते. आच मोठी ठेवतो, कारण मंद आचेवर मिरचीला पाणी सुटून ती लिबलिबीत होते. शेवटी ठेचलेल्या चार लसूणपाकळ्या आणि चिमूटभर ओरेगानो घालतो. या पाल्याला आपल्या ओव्याच्या जवळचा वास येतो.

एवढे झाल्यावर तव्याच्या तळाशी तांबूस थर धरलेला असतो. त्यावर चार चमचे पाणी आणि चमचाभर व्हिनेगर शिंपडून लाकडी कलथ्याने खरवडले की तो सुटतो आणि भाजीला चकचकीत लेप बसतो. सगळ्या पदार्थाचा जीव त्या खरवडीत आहे. इटालियन माणसांनाही ती टाकवत नाही हे पाहून मला इतके बरे वाटले! आठवते का, दुधाच्या पातेल्याची खरवड मला की ताईला यावरून आम्ही भांडत होतो, आणि तू शिंपल्याने ती काढून दोन वाट्यांत समान वाटत होतीस, आणि बाबा मुद्दाम माझ्या वाटीतली चिमूटभर पळवत होते? मी गुरुवारी तव्यावरून उरलेली खरवड पावाच्या तुकड्याने पुसून खाल्ली. एकट्याने खाल्ली, पण पोटभर खाल्ली.

सॉसेजचे तुकडे परत भाजीत घालून दोन मिनिटे एकत्र परतले की झाले. लोक ते लांबट पावात भरून किंवा पास्त्याबरोबर खातात. सप्टेंबरमध्ये मी न्यूयॉर्कला मलबेरी स्ट्रीटवरच्या सान जेन्नारोच्या जत्रेला गेलो होतो. हा नापोलीचा ग्रामदैवतासारखा संत आहे, आणि त्याचा हा उत्सव तिथे १९२६ पासून भरतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या सपाट तव्यांवर कांद्याचे आणि मिरच्यांचे ढीग परतत होते, धुराने डोळे चुरचुरत होते, माणसे कागदात गुंडाळलेला पाव उभ्यानेच खात होती. मांढरदेवीच्या जत्रेतली भज्यांची पाले आठवली. मी मात्र घरी पावापेक्षा ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो. पीठ एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या दुकानात मिळते. भाकरी अजून तुझ्यासारखी फुगत नाही, पण मोडत नाही.

आता माझे ऐका. ताई सांगते की दोघांपुरते काय करायचे म्हणून तुम्ही संध्याकाळी चहा आणि खारीवर भागवता. हे आजपासून बंद करायचे आहे. मी रात्री गरम जेवावे असे तुम्हाला वाटते, तर मलाही तेच वाटते. आई, तुझ्याकडे आजीचा बिडाचा तवा माळ्यावर पडून आहे. तो ताईच्या मुलाला काढायला सांग, तू स्वतः स्टुलावर चढू नकोस. गंज असेल तर काथ्याने घासून, धुऊन, लगेच गॅसवर कोरडा कर आणि तेलाचा हात फिरवून ठेव. त्यात हीच भाजी सॉसेजशिवाय होते. बटाटा निम्मा घे, भिजवून उकडलेली चवळी मूठभर जास्त घाल, आणि तेलात अर्धा चमचा बडीशेप भरडून टाक म्हणजे तोच वास येईल. मीठ नेहमीच्या निम्मे, शेवटी लिंबू पिळ. टोमॅटो किंवा चिंच घालून त्या तव्यात फार वेळ शिजवत ठेवू नकोस, आंबटाने त्याचा लेप जातो आणि भाजीला लोखंडी चव येते.

बाबा, पापड आणि खारातली मिरची पानात नको. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या तर मुळीच नाहीत, दाताचे काम असले तरी. तुम्हाला बोलतो आहे म्हणून रागावू नका. तुम्ही मला तापात काढा पाजताना नाक दाबून धरत होता, त्या मानाने मी सौम्य बोलतो आहे.

आई, आणखी एक गोष्ट. मी दुकानातून दुसरा बिडाचा तवा आणला आहे, माझ्या तव्याएवढाच. त्याला दोनदा जवसाचे तेल लावून भट्टीत तापवले आणि कोऱ्या पंचात गुंडाळून वरच्या फळीवर वेगळा ठेवला आहे. त्याला मांस लागलेले नाही आणि लागणारही नाही. मे महिन्यात तू आलीस की तो उघडायचा, आणि पहिल्या दिवशी त्यात तू काचऱ्या करायच्या. खरवड मी, ताई आणि बाबा अशी वाटण्याची सोय मात्र होणार नाही, कारण ताई तिकडे असेल. तिचा वाटा मी घेईन असे तिला आत्ताच सांगून ठेव.

रविवारी सकाळी तुमच्या साडेआठला फोन करतो. तोवर बाबांचे सहा दिवसांचे सकाळचे रक्तदाबाचे आकडे वहीत लिहून ठेवा, अंदाजाने नव्हे. आणि आई, शनिवारी रात्री काय शिजवलेस ते या वेळी मी विचारणार आहे.

तुमचा,
नंदू