पुरस्कारांच्या पुस्तकांत पाड्यावरची मुलं कुठे?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बालसाहित्याच्या पुरस्कारांची बातमी आली की मी ती कापून ठेवते. माझी सगळी नोकरी सातपुड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. शाळेच्या कपाटासाठी कोणती पुस्तकं मागवायची, हे मी बऱ्याचदा त्या कात्रणांवरूनच ठरवत असे. पुस्तकं चांगली होती, मुलांनी वाचून वाचून त्यांची शिवण उसवली. पण एका वर्षी तिसरीतल्या मुलीनं हातातलं पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘बाई, ही मुलं मोहाची फुलं वेचायला जात नाहीत का?’ त्या दिवसांत ती स्वतः पहाटेपासून मोहाखाली असायची, आणि शाळेला उशीर झाला म्हणून मीच तिला रागावले होते.

त्या संध्याकाळी कपाट रिकामं करून पाहिलं. दिवाळीचा किल्ला होता, सोसायटीतलं क्रिकेट होतं, आजोळची आंब्याची झाडं होती. होळी होती ती पुरणपोळीची. आमच्याकडे वर्षाचा मोठा सण होळीच, पण तिच्या आधी भरणारा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार, ढोल, रात्रभराचा नाच यातलं काहीच त्या कपाटात नव्हतं.

जवळजवळ असाच प्रश्न अमेरिकेत एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीनं विचारला होता : पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का? तिथल्या शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी तो मनावर घेतला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या पाच हजारांहून अधिक बालपुस्तकांचा त्यांनी हिशेब मांडला. निदान एक तरी कृष्णवर्णीय माणूस असलेली पुस्तकं शेकडा ६.७ निघाली. त्यांचा लेख १९६५ साली छापून आला. तिथला बालसाहित्याचा मानाचा न्यूबेरी पुरस्कार १९२२ पासून दिला जात होता, पण तो एकाही कृष्णवर्णीय लेखकाला मिळालेला नव्हता. १९६९ मध्ये ग्लिंडन ग्रीअर आणि मेबल मॅकिसिक या दोन शालेय ग्रंथपाल स्त्रियांनी पुढाकार घेतला आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांच्या नावाचा पुरस्कार उभा राहिला. तो १९७० पासून कृष्णवर्णीय लेखकांना, पुढे चित्रकारांनाही मिळू लागला. न्यूबेरी व्हर्जिनिया हॅमिल्टन यांना मिळाला तो १९७५ मध्ये, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. ‘साहित्याला जातपात नसते, मग वेगळा पुरस्कार कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी ही त्रेपन्न वर्षं ध्यानात घ्यावीत.

आपल्या राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालसाहित्याचे विभाग आहेत ते कविता, कथा, कादंबरी, नाटक असे. साहित्यप्रकार पाहिला जातो. पुस्तकातलं मूल कोणत्या घरातलं, कोणत्या बोलीतलं, हे कुणी विचारत नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून चोवीस भाषांत दिला जातो. त्यांत संताळी आणि बोडो आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण २०११ च्या जनगणनेत भिली गटातल्या बोली मातृभाषा म्हणून सांगणारे एक कोटीहून अधिक लोक आहेत. आमची पावरी त्यातलीच. गोंडी बोलणारे तीस लाखांच्या घरात. अकादमीने मान्य केलेल्या भाषांत नाव नाही म्हणून या मुलांच्या पुस्तकांसाठी चोवीसांत जागा नाही. अशा भाषांसाठी अकादमीचा भाषा सन्मान आहे, पण तो काही बालपुस्तकांचा पुरस्कार नव्हे. मराठीपुरतं पाहिलं तर २०२५ पर्यंतच्या सोळा मानकऱ्यांत स्त्रिया दोनच, माधुरी पुरंदरे आणि संगीता बर्वे. मुलांना गोष्टी सांगण्याचं काम घरोघर बायकाच करतात, त्यामुळे हा आकडा मला फार खटकतो.

मराठीत अशी बालपणं लिहिलीच गेली नाहीत असं नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये गाढवांच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव हिंडणारं मूल आहे. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण ते मोठ्यांसाठी आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देता येईल, चित्रांसकट, असं तांड्यावरचं किंवा पालावरचं बालपण आपण किती छापलं? आणि आठवी-नववीच्या वयासाठी? आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलीची कुमार कादंबरी मी कित्येक वर्षं शोधते आहे. हाती येतं ते बहुधा बुजऱ्या आदिवासी मुलाचं आणि त्याला सुधारायला शहरातून आलेल्या गुरुजींचं पुस्तक. ते मी वर्गात वाचून दाखवू शकत नाही. मुलं माना खाली घालतात.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. पाडे, तांडे, पालं आणि ऊसतोडीच्या कोप्यांवर वाढलेल्या लेखकांनी व चित्रकारांनी मुलांसाठी केलेल्या पुस्तकांना राज्य शासनाने स्वतंत्र पुरस्कार द्यावा. एका पानावर बोली आणि समोर मराठी अशी पुस्तकं त्यात धरावीत. परीक्षकांत त्या समाजातला एक तरी माणूस असावा, नाहीतर गुरुजींचीच पुस्तकं पुन्हा निवडून येतील. शिवाय पुरस्कारासाठी आधी छापील पुस्तक लागतं, आणि इथल्या तरुण शिक्षकांकडे गोष्टी आहेत, प्रकाशक नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं. त्यातला काही भाग बोलींतल्या बालपुस्तकांसाठी राखून ठेवला, तर पुरस्काराला पुस्तकं मिळतील.

माझ्या जवळ मुलांनी सांगितलेल्या पावरी गोष्टींच्या तीन वह्या आहेत. मोहाच्या फुलांची गोष्ट पहिल्याच वहीत आहे, त्या मुलीनंच सांगितलेली. छापायला कुणी तयार असेल तर मी वह्या घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
धडगाव, जि. नंदुरबार