आठ गाणी पाठवलीयेत, ओळीने ऐका

आई, बाबा,

दर रविवारी तुम्हाला आठ गाणी पाठवायचं ठरवलंय. पहिली आठ आजच पाठवली, व्हॉट्सअॅपवर लिंक आलीय बघा, उघडली की एकामागून एक लागतील. नुसती लिंक पाठवून गप्प बसवेना म्हणून हे लिहितेय, थोडं लांबेल, निवांत वाचा.

खरं सांगू का, आपले फोन हल्ली तब्येतीवर सुरू होतात आणि तिथेच संपतात. गोळ्या घेतल्या का, गुडघा काय म्हणतोय, झोप लागली का, मग तुम्ही विचारता काम फार आहे का गं, मी म्हणते आहे नेहमीचंच, आणि मग दोन्हीकडे शांत. हे सगळं विचारायला हवंच आणि मी विचारत राहणार, पण आपल्या घरात केवढं बोलणं व्हायचं आणि त्यातलं निम्मं तरी गाण्यांवरून व्हायचं, ते मला परत हवंय.

बाबा, तुम्ही कॅसेट भरायचात ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं. साठ मिनिटांची कॅसेट, एका साईडला तीस मिनिटं, कुणाकुणाच्या रेकॉर्ड मागून आणायच्या, पाठकोऱ्या कागदावर प्रत्येक गाण्याची मिनिटं सेकंद मांडून बेरीज करायची आणि मग त्यात बसतील तशी गाणी लावायची. भरून झाली की वरच्या कडेचे ते दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडायचे म्हणजे चुकून कोणी पुसणार नाही, आणि ते मोडायचं काम माझं होतं. पेनाच्या टोपणाने दाबलं की कट्ट करून आवाज यायचा. कॅसेट फिलिप्सने १९६३ साली काढली ती मुळात डिक्टेशनसाठी, बोलणं टिपून ठेवायला, हे मला फार उशिरा कळलं. माझ्यासाठी कॅसेट म्हणजे तुमच्या अक्षरातली गाण्यांची यादी. म्हणून माझी आठ गाणी पण अर्ध्या तासात बसवलीयेत, एक साईड.

सगळी मागे पडलेली गाणी आहेत. वाईट म्हणून नाही हं, बहुतेक वेळा कारण फार साधं असतं. जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या रेकॉर्डवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, मग एखादं कडवंच गाळायचे. पुढे १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी लाँग प्ले रेकॉर्ड आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, पण त्यात वेगळीच गोची. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण सुई आत आत जाते तसा घेर लहान होतो, म्हणजे तेवढ्याच वेळात सुईखालून कमी लांबीची खाच जाते आणि आवाज चरचरायला लागतो. म्हणून जोरकस, ठेक्याची गाणी बाहेरच्या कडेला ठेवायची आणि हळू, शांत गाणी आतल्या कडेला, असं बरेच जण करायचे. हे वाचलं आणि मला एकदम आई आठवली, कारण आई तुला नेहमी साईडचं शेवटचंच गाणं आवडायचं आणि तोपर्यंत बाकी सगळे उठून गेलेले असायचे!

आणि बी साईड. छोट्या रेकॉर्डवर एका बाजूला कंपनीला चालवायचं असलेलं गाणं आणि मागे भरीला दुसरं. ग्लोरिया गेनॉरचं आय विल सर्व्हाइव्ह १९७८ साली असंच मागच्या बाजूला होतं, डीजेंनी रेकॉर्ड उलटून वाजवली म्हणून ते जगभर गेलं आणि १९८० मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. पुढच्या बाजूचं गाणं आज किती जणांना आठवतं? मला सारखं वाटतं, ज्यांची रेकॉर्ड कोणी उलटलीच नाही अशी किती गाणी असतील.

आता रेकॉर्ड नाहीत, पण गाणी मागे पडतातच. स्पॉटिफाय या गाण्यांच्या अॅपवर एखादं गाणं तीस सेकंद ऐकलं की ते एकदा वाजलं असं धरतात, त्यामुळे हल्ली पहिल्या अर्ध्या मिनिटातच सगळं दाखवून टाकायची घाई दिसते. आणि २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा तरी वाजलं नाही तर ते गाणं रॉयल्टीच्या हिशोबातच धरत नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं. मी पाठवलेल्यातल्या तीन गाण्यांची सुरुवात लांब आहे, नुसतं म्युझिक चालू राहतं आणि आवाज यायला वेळ लागतो. प्लीज पुढे ढकलू नका.

शफल पण बंद ठेवा, त्याने गाण्यांचा क्रम उलटसुलट होतो, एकमेकांना छेदणारे दोन बाण असतात ते चिन्ह. कशानंतर काय यावं याच्यावर मी दोन संध्याकाळी घालवल्यात.

बाबा, आता जरा तुमच्याशी. मागे मी आले होते तेव्हा तुम्ही म्हणालात की हल्लीच्या गाण्यांत शब्दच कळत नाहीत. तेव्हा मी काही बोलले नाही पण नंतर वाचत बसले. वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज कमी ऐकू यायला लागतात आणि स, श, फ ही अक्षरं नेमकी त्यातच येतात. म्हणजे चाल पूर्ण पोचते, शब्द तेवढे पुसट होतात. म्हणून मी गाणी निवडताना आवाज पुढे आणि वाद्यं मागे असलेलीच घेतली, दोन तर खूप आवडती होती ती पण याच कारणाने बाजूला ठेवली. अजून एक, तुम्हाला उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि साठच्या दशकातल्या काही स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गाणारा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात, हेडफोन लावलात तर अर्धं गाणं नको त्या कानात जाईल. फोनच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ असतं, ते चालू केलं की दोन्ही कानांत सगळं येतं. मी व्हिडिओ कॉलवर दाखवते. आणि कान तपासून घ्या ना एकदा, मी किती दिवस सांगायचं म्हणतेय. चिडू नका.

आई, तुझं चौथं आहे. तू गुणगुणतेस तेव्हा शब्दांबरोबर मधलं म्युझिक पण तोंडाने वाजवतेस, त्यासाठीच ते घेतलंय. दुसऱ्या कडव्याच्या आधी सगळी वाद्यं थांबतात, अगदी सगळी, आणि गाणारीने घेतलेला श्वास स्वच्छ ऐकू येतो. रात्री दिवा बंद करून ऐकलं तेव्हा मला वाटलं खोलीत कोणीतरी आहे. ती कोण, कुठली, ते मी मुद्दाम लिहीत नाहीये, आधी ऐक, मग बोलू. नाही आवडलं तर तसंही सांग, मला खरंच चालेल, नुसतं छान छान म्हणू नकोस.

आणि तुम्ही पण मला पाठवा. आठ नको, एकच पाठवा आठवड्याला, पण जे कोणीच लावत नाही आणि तुम्हाला मात्र तोंडपाठ आहे असं. नाव आठवत नसेल तर गुणगुणून व्हॉइस मेसेज करा, मी शोधून काढेन.

शेवटचं आठवं गाणं तुम्ही दोघं लगेच ओळखाल. बाबांच्या निळ्या कॅसेटच्या पहिल्या साईडचं शेवटचं, ज्याची बेरीज चुकली होती आणि मधेच ओळीत कट्ट होऊन कॅसेट संपायची. मी ते इतक्या वेळा तसंच ऐकलंय की माझ्या डोक्यात ते गाणं तिथेच संपायचं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकलं, तर पुढे अख्खं एक कडवं आहे! तिथे चाल थोडी खाली उतरते आणि गाणारा जवळजवळ बोलल्यासारखा गातो. मी बसमध्ये होते, माझा स्टॉप गेला तरी उठले नाही.

ते दोघांनी एकत्र ऐका, हेडफोन नको, फोन टेबलवर ठेवून. ऐकून झालं की फोन करा, कितीही वाजलेले असू देत, मी जागी आहे.

तुमची,
मी