पिशवी फक्त शिपायाचीच का?

संपादक महोदय,

कालच्या अंकात संस्थांमधल्या विश्वासावर जो लेख छापून आला आहे, तो सकाळी वाचला आणि दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा वाचला. राग जेवणाने उतरतो असे म्हणतात. उतरला नाही.

लेखक मोठे सल्लागार आहेत. कर्मचाऱ्यांचा वरिष्ठांवर विश्वास बसावा म्हणून त्यांनी निवासी शिबिर सुचवले आहे. डोळे मिटून पाठीमागे पडायचे आणि सहकाऱ्यांनी झेलायचे. कल्पना छान आहे. आमच्या शाखेचे हेडक्लार्क ९५ किलोंचे होते, एवढेच सांगतो.

'नियंत्रणे कमी करा, विश्वास आपोआप वाढेल' हे वाक्य तुम्ही चौकटीत ठळक छापले आहे. मी एका नागरी सहकारी बँकेत ३२ वर्षे कॅशवर काढली. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याने उघडायची सोय नाही. त्या दुसऱ्या किल्लीचा मला कधी अपमान वाटला नाही. रात्री डोळा लागायचा तो तिच्यामुळेच.

अपमान कशाला म्हणतात ते १९९८ च्या उन्हाळ्यात पाहिले. बाजाराचा दिवस होता. संध्याकाळी कॅश जुळेना. बरोबर १०,००० कमी, म्हणजे शंभराच्या नोटांचे एक पॅकेट. चार-दोनशे कमी पडले तर घाईत कुणाला जास्त गेले म्हणता येते. अख्खे पॅकेट म्हटले की कुणीतरी उचलले असेच मनात येते. साहेबांनी शटर अर्धे खाली ओढायला लावले आणि थेट मामांकडे पाहिले.

मामा म्हणजे आमचे शिपाई. तिजोरीपासून काउंटरपर्यंत पेट्या तेच न्यायचे. साहेबांनी त्यांना पिशवी टेबलावर उपडी करायला सांगितली. फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी, मामींच्या दम्याच्या औषधाची चिठ्ठी आणि नातवासाठी घेतलेली दोन केळी, त्यातले एक काळे पडलेले. माझी बॅग माझ्या पायाशी होती. हेडक्लार्कची खुंटीला होती. साहेबांची ब्रीफकेस त्याच टेबलावर, केळ्यांपासून वीतभर अंतरावर होती. त्यातली एकही उघडली गेली नाही. मी तोंडातून शब्द काढला नाही. रक्कम माझ्या नावे टाकून दिवस बंद केला.

दुसऱ्या दिवशी पेमेंटसाठी बंडल सोडला, तर आत अकरा पॅकेट! बंडलात दहा असतात. बांधला होता मी, गर्दीत. मोजून तपासल्याची सही होती साहेबांची. म्हणजे चूक दोन किल्लीवाल्यांची आणि झडती तिसऱ्याची. साहेब म्हणाले, "सापडले ना? झाले मग." मी मामांकडे गेलो, माझीच चूक म्हणून सांगितले. ते "असू द्या" म्हणाले आणि स्टुलावरून उठून पाणी भरायला गेले.

त्या दिवसापासून रोज घरी निघताना मामा न सांगता साहेबांच्या टेबलावर पिशवी उपडी करायचे. "बघून घ्या साहेब." साहेब आधी हसण्यावारी न्यायचे, मग "अहो, पुरे आता" म्हणून झाले, मग साडेपाच वाजले की त्यांना हमखास कुणाचा तरी फोन यायचा. मामा थांबायचे. फोन संपेपर्यंत पिशवी धरून उभे राहायचे. निवृत्त होईपर्यंत हे चालले.

आता सल्लागारांनी सांगावे, हे नियंत्रण जास्त झाले म्हणून घडले की कमी पडले म्हणून? रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये बँकांना बजावले की संवेदनशील जागांवरच्या माणसांना वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवा. त्यांच्या मागे दुसऱ्याने ते काम पाहायचे. यात कुणाला राग येऊ नये, कारण ते मॅनेजरलाही आहे आणि क्लार्कलाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना सप्टेंबर २०१९ मध्ये आधी १,००० रुपयेच काढता येतील असे कळले, तेव्हा तिथल्या किती शिपायांच्या पिशव्या तपासल्या होत्या? एका बांधकाम समूहाची कर्जे झाकायला २१ हजारांवर बनावट खाती दाखवली, असे पोलिसांतल्या तक्रारीत होते. एवढी खाती पिशवीत मावत नाहीत.

आणि विश्वास म्हणाल तर तो नोटाबंदीत पाहिला. १२ आणि १३ नोव्हेंबर २०१६, शनिवार-रविवार, बँका उघड्या. रांग रस्त्यापलीकडच्या रसवंतीगृहापर्यंत. एकमेकांची पॅकेट पुन्हा मोजायला वेळ नव्हता. चिठ्ठीवरची सही कुणाची ते बघायचे आणि पुढे सरकवायचे. दोन सह्या अशा होत्या की त्यांची पॅकेट मी तशाही गर्दीत पुन्हा मोजली. कुणाच्या, ते विचारू नका. त्या दोघांनाही ते माहीत होते.

आमची सून घरून काम करते. तिच्या कंपनीत संगणकावर हिरवा ठिपका असतो. माऊस थोडा वेळ हलला नाही की तो पिवळा होतो आणि वरच्यांना दिसते. परवा कुकर उतरवायला उठताना तिने नातीला हाक मारली, "जरा आजोबांजवळची गोष्ट ठेव आणि माऊस हलव गं." पहिलीतली मुलगी आईच्या नोकरीचा माऊस हलवत बसली होती. वरच्या साहेबांना असा ठिपका आहे का, विचारले. सून म्हणाली, "बाबा, त्यांचा कायम 'मीटिंगमध्ये' असतो."

जाता जाता. नळाच्या वेळांबद्दलचे माझे मागचे पत्र छापलेत, त्याबद्दल आभारी आहे. पण त्यातून आमच्या वॉर्डाविषयीच्या नेमक्या दोन ओळी गायब होत्या आणि उरलेल्या पत्राचा अर्थ असा झाला की पाणी वेळेवर येते. शेजारी अजून टोमणे मारतात. हेही पत्र लांबले आहे, कळते मला. कापायचेच असेल तर हेडक्लार्कचे वजन कापा. मामांच्या केळ्यांना हात लावू नका.

आपला,
एक निवृत्त रोखपाल, सातारा