छऱ्याच्या बंदुकीचा नेम नेमका कुठे चुकतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छऱ्याची बंदूक मराठवाड्याला नवी नाही. जत्रेतल्या फुग्यांपासून दहा मीटरच्या रेंजपर्यंत ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. अलीकडे मात्र टाकीत आधीच हवा भरून ठेवायच्या, म्हणजे पीसीपी जातीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली आपल्याकडे दिसू लागल्या आहेत. चाप ओढला की छर्रा सुटतो आणि पुढचा आपोआप नळीपाशी येतो. विकताना त्यांना ‘हंटिंग’ म्हणतात. मग ठरलेली तक्रार येते: पहिले चार-पाच छर्रे एका जागी बसतात, पुढचे वाटेल तिथे. दोष रायफलला, नाहीतर दुकानदाराला दिला जातो. बहुतेक वेळा कारण वेगळे असते आणि ते घरच्या घरी शोधता येते.

आधी कायद्याचे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्याला मारणेच नव्हे, तर जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. रानडुक्कर, रोही, हरणांचा पिकाला होणारा त्रास खरा आहे, पण त्यावर उपाय वन खात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज हा आहे. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखम घेऊन उसात शिरते आणि दुसऱ्या दिवशी माणसावर येते. दुसरी गोष्ट, शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो. परदेशात ‘हंटिंग’ म्हणून खपणारी बरीच मॉडेल ५.५ मिलिमीटरची असतात, म्हणजे विनापरवाना ठेवली तर सरळ गुन्हा. त्यामुळे पुढचे सगळे ४.५ मिलिमीटरच्या रायफलीबद्दल आणि फक्त कागदी टार्गेटासाठी आहे.

ज्यूलचा हिशेब सोपा आहे. छऱ्याचे वजन किलोग्रॅममध्ये, गुणिले सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.५४ ग्रॅमचा नेहमीचा छर्रा २७० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा १९.७ ज्यूल होते. तोच २८० ने सुटला की २१ च्या वर. म्हणजे व्हॉल्व्हवर आपटणाऱ्या हातोडीच्या स्प्रिंगचा स्क्रू जरासा पिळून ‘पावर वाढवून’ घेतली की कायद्याची रेषा ओलांडली जाते, आणि नेमही बिघडतो. डमरूच्या आकाराचा डायबोलो छर्रा आवाजाच्या वेगाजवळ जाऊ लागला की डगमगतो. २४० ते २७० च्या दरम्यान तो सर्वांत शहाण्यासारखा वागतो.

आता मुख्य मुद्दा. बिघाड शोधायचा तर कागदावरची भोके कोणत्या दिशेने पसरली आहेत ते आधी पाहा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, २५ मीटरवरून, दहा छर्रे एकाच बिंदूवर मारा. पाच पुरत नाहीत, पाच छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा झुबका, नशिबानेही चांगला येतो. सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करा. बऱ्या रायफलीचा ग्रुप वाऱ्याविना १५ मिलिमीटरच्या आत यायला हवा.

भोके वर-खाली पसरली असतील तर टाकीतल्या हवेच्या दाबाकडे बघायचे, कारण दाब बदलला की वेग बदलतो. पण इथे लोक फार घाई करतात. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तरी २५ मीटरवर छर्रा जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटर खाली-वर लागतो. ग्रुप तीन सेंटीमीटरचा येत असेल तर नुसता दाब हे त्याचे कारण असू शकत नाही. आणि भोके आडवी पसरली असतील तर दाबाचा संबंधच नाही. ती वाऱ्याची, तिरप्या हाताची, नाहीतर सैल स्क्रूची करामत. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे ज्याने बाभळीचा पाला नुसता सळसळतो असा, २५ मीटरवर छर्रा दीड-दोन सेंटीमीटर सहज सरकवतो. रायफल पाच अंशांनी तिरपी धरली तर चार मिलिमीटर बाजूला. भोकांचे दोन वेगवेगळे झुबके पडत असतील तर स्कोपचे (नेमाच्या दुर्बिणीचे) माउंट, म्हणजे तिची पकड, किंवा नळी कुठेतरी सरकते आहे.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एक जास्तीचा घोळ असतो. चाप ओढल्यावर सुटणाऱ्या हवेतलाच काही भाग बोल्ट, म्हणजे छर्रा नळीत ढकलणारा दांडा, मागे ढकलायला खर्च होतो. टाकीतला दाब एका मर्यादेच्या खाली गेला की बोल्ट पूर्ण मागे जात नाही, पुढे येतानाही जोर कमी पडतो आणि छर्रा नळीत दर वेळी वेगळ्या खोलीवर बसतो. तेव्हा रायफल चालत असते, आवाजही बरा येतो, पण ग्रुप उघडतो. टाकी रिकामी होईपर्यंत मारत राहणारे इथेच फसतात. टाकी पूर्ण भरून छर्रे मोजत मारा, दर दहा छऱ्यांनी टार्गेट बदला, आणि कोणत्या बारपासून (बार हे दाबाचे माप) कोणत्या बारपर्यंत ग्रुप घट्ट राहतो ते गेजशेजारी लिहून ठेवा. तेवढाच पट्टा वापरायचा. रेग्युलेटर, म्हणजे व्हॉल्व्हकडे जाणारा दाब एकसारखा ठेवणारा भाग, नसलेल्या रायफलीत टाकी गच्च भरली की वेग उलट कमी असतो, कारण आतला दाब व्हॉल्व्ह उघडू देत नाही. दाब उतरतो तसा वेग चढतो, थोडा वेळ टिकतो आणि मग पडतो. अशी रायफल २०० ऐवजी १८० बारलाच भरली तर बरी चालते.

रेग्युलेटर असला तरी त्याची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे उतावळेपणा: धडाधड चार-पाच छर्रे सोडले की रेग्युलेटरपुढची छोटी कोठी पुन्हा भरायला वेळ मिळत नाही आणि छर्रे क्रमाने खाली लागत जातात. दोन छऱ्यांमध्ये तीन-चार सेकंद थांबले की हे संपते. दुसरे, आतली सील झिजली की दाब रात्रभरात हळूहळू वर सरकतो. सकाळचा पहिला छर्रा ग्रुपच्या बाहेर लागतो, नंतरचे जागेवर. असे रोज होत असेल तर सील बदलायला झाली. तोवर पहिले दोन छर्रे मातीच्या पेटीत सोडून मग टार्गेट लावा.

आपल्या उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे, कारण माहितीपुस्तिका थंड देशांतल्या हवेसाठी लिहिलेल्या असतात. २५ अंशांच्या खोलीत २०० बारला भरलेली टाकी ४३ अंशांच्या उन्हात २१२ बार दाखवते. बंद गाडीत पारा ६० वर गेला तर २२३. कमाल दाबापर्यंत भरून गाडीत ठेवणे म्हणूनच धोक्याचे. बारा ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या कॅप्सूलवर चालणाऱ्या रायफलींची तऱ्हा याहून वाईट. २० अंशांना कॅप्सूलमध्ये सुमारे ५७ बार दाब असतो, ३० अंशांना ७२. ३१ अंशांच्या वर आत द्रव उरतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी पहिला छर्रा वर आणि भराभर मारल्याने कॅप्सूल गार पडली की दहावा खाली. अशा रायफलीचा सराव सकाळी आठच्या आत उरकावा. तेव्हा वाराही पडलेला असतो.

मॅगझिनकडे, म्हणजे छर्रे भरायच्या खणांच्या चकतीकडे, फारसे कुणी बघत नाही आणि आमच्या मते निम्मे दोष तिथेच असतात. मॅगझिनच्या प्रत्येक खणाला मार्करने नंबर घाला. कागदावर तितकेच बिंदू काढा, पहिल्या खणाचा छर्रा नेहमी पहिल्या बिंदूवर, दुसऱ्याचा दुसऱ्यावर, अशा पाच फेऱ्या करा. एखादा खण नळीच्या रेषेत नसेल तर त्याच बिंदूवर भोके फाकलेली दिसतात. खात्रीसाठी त्या खणातला छर्रा नळीत चढवा, पण सोडू नका. मॅगझिन काढून, टाकीची हवा पूर्ण सोडून, तोंडाकडून लाकडी काडीने तो हलकेच मागे बाहेर काढा. नाकाच्या एका बाजूला चमकदार ओरखडा असेल, शिशाची कतरण निघाली असेल, तर मॅगझिनची बैठक सैल आहे किंवा खणाच्या कडेला बुरशीसारखा काळा शिशाचा थर साचला आहे. थर कोरड्या ब्रशने काढा. खणातली छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, सुकली असेल तर छर्रा तिरपा बसतो. तिला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावायचा, थापायचे नाही.

छर्रे विकत घेताना डब्यावरचे चित्र पाहू नका. गोल नाकाचा घ्या. चपट्या नाकाचा दहा मीटरच्या रेंजसाठी उत्तम, पण २५ मीटरपर्यंत जाईस्तो भरकटतो, आणि टोकदार नुसता दिसायला छान. डोक्याचा व्यास ४.५०, ४.५१, ४.५२ असा मिळतो. कोणता लागू पडेल ते नळीच सांगते, म्हणून तीन प्रकारचे एकेक डबे आणून पाहणे स्वस्त पडते. प्रकार बदलला की पहिले वीस छर्रे हिशेबात धरू नका, नळीला नव्या शिशाची सवय व्हावी लागते. छऱ्याचा मागचा घेर चेपलेला असेल तर तो बाजूला टाका. डबा मोटारसायकलच्या डिकीत घालून खडबडीत रस्त्याने दहा किलोमीटर नेला की असे छर्रे बरेच निघतात.

नळी कधी साफ करायची? ग्रुप उघडू लागला की. रोज घासून नळी सुधारत नाही. मासेमारीच्या जाड नायलॉन दोरीला कापडाची पट्टी अडकवून ती मागून पुढे, तोंडाकडे ओढावी. नळीच्या तोंडाच्या कडेवरून कापसाची काडी फिरवा. धागा कुठे अडकला तर तिथे खरवड आहे आणि छर्रा बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी निसटते. पुढे आवाज कमी करणारी नळकांडी असेल तर ती काढून पाच छर्रे मारून बघा. ग्रुप लगेच सुधारला तर छर्रा आतल्या चकतीला घासत होता.

तेलाचे मात्र बजावून सांगतो. खोबरेल, शिलाई मशीनचे तेल, इंजिन ऑईल, काहीही हवेच्या वाटेत घालू नका. दोनशे बार दाबाच्या हवेत खनिज तेल डिझेल इंजिनासारखे पेट घेते आणि टाकी फुटू शकते. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस. ऑक्सिजनच्या सिलिंडरने टाकी भरणे म्हणजे मरणच. हातपंपाने भरत असाल तर पाच मिनिटे मारल्यावर तेवढाच वेळ पंप गार होऊ द्या आणि पावसाळ्यात त्याचा खालचा स्क्रू उघडून पाणी काढत जा. ते पाणी टाकीत गेले की आतून गंज धरतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा उपयोग नाही, तो दहा-बारा बारच्या पुढे जात नाही.

स्कोपबद्दल थोडेच. दारूगोळ्याच्या मोठ्या रायफलीसाठी केलेल्या स्कोपचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला तरी क्रॉस जागेवर दिसण्याचे अंतर, साधारण १०० यार्डांवर कायम केलेला असतो. २५ मीटरवर डोके जरा हलले की क्रॉसही टार्गेटावर सरकतो. एअर रायफलीचा, दहा मीटरपासून फोकस होणारा घ्यावा. झिरो, म्हणजे क्रॉस आणि छर्रा एकाच बिंदूवर जुळवणे, २५ मीटरवर करावा. स्कोप नळीपासून पाच सेंटीमीटर उंच असेल तर दहा मीटरवर छर्रा दीड-पावणेदोन सेंटीमीटर खाली लागेल, तो बिघाड नव्हे. माउंटचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. दस्त्याचे स्क्रूही आठवड्यातून एकदा तपासा, कारण बोल्टच्या पुढे-मागे होण्याने सेमी-ऑटोमॅटिकचे स्क्रू साध्या रायफलीपेक्षा लवकर ढिले होतात.

राहिला माणूस. छर्रा सुटल्यावर चाप दाबलेलाच ठेवून एक श्वासभर स्कोपमधून पाहत राहायचे, मग चाप सोडायचा. चाप झटकन सोडून पुन्हा ओढायची सवय या रायफली लावतात आणि तिने घट्ट ग्रुपही फाकतो. टार्गेटामागे उभी सपाट लोखंडी पाटी नको, शिसे उलटून डोळ्यात येते. मातीने भरलेली लाकडी पेटी लावा, मागे भिंत असू द्या आणि चष्मा घाला. हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका, हाताला शिसे लागलेले असते.

आपल्या वृत्तपत्रामार्फत एक मागणी. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलाच्या एअर रायफल रेंजवर वेग मोजणारा एक क्रोनोग्राफ ठेवावा आणि आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी कुणालाही आपली रायफल तपासून घेता यावी. विक्रेत्यांनीही बिलावर छऱ्याचे वजन, मोजलेला वेग आणि ज्यूल हे तीन आकडे लिहून द्यावेत. आज बिलावर फक्त ‘एअर गन, एक नग’ एवढेच असते, आणि पोलिसांनी विचारले तर घेणाऱ्याकडे दाखवायला काही नसते.

आपले,
एअर रायफलचा सराव व दुरुस्ती करणारे काही वाचक,
परभणी