जॉब रात्रभर चालू दे, तू जागू नको

प्रिय मनू,

काल तू फोन ठेवल्यावर आईनं सांगितलं की कंपनीच्या चेकअपमधे तुझं बीपी 146/94 निघालं. मला का सांगितलं नाहीस ते विचारत नाही. 27 व्या वर्षी बीपी, आणि कारण काय तर रात्री 1 ला सुरू होणारा लोड, म्हणजे बिलं डाटाबेसमधे भरायचा जॉब, सकाळपर्यंत संपत नाही आणि तू लॅपटॉपसमोर बसून राहतीस. झोपेवर मी बोलणार नाही, तुझी आई रोज बोलतेच. मी कामाचंच लिहितो.

महालक्ष्म्याला आली होतीस तेव्हा खाली पंगती बसलेल्या आणि तू माडीवर मला तो प्रोग्राम दाखवत होतीस, दुकानांच्या बिलांच्या 40 लाख ओळी, फाइलमधून एक ओळ उचलायची, एक इन्सर्ट मारायचा (टेबलात ती ओळ भरायची), लगेच कमिट (ती पक्की करायची). तेव्हा पाहुणे होते म्हणून बोलणं अर्धं राहिलं. आता हिशोब कर, तुमचा प्रोग्राम एका मशीनवर, पोस्टग्रेस डाटाबेस दुसऱ्यावर, जाऊन यायला 1 मिलिसेकंद धरला तरी 40 लाख फेऱ्यांचे 66 मिनिटं नुसते रस्त्यात जायलेत, आणि त्यावर प्रत्येक कमिटला डाटाबेस त्याचा लॉग, म्हणजे बदलांची नोंद, डिस्कवर उतरेपर्यंत थांबतंय ते वेगळंच. मोंढ्यात सोयाबीनचे कट्टे नेले आणि दर कट्ट्यामागं मुनीमाकडं जाऊन सही आणली तर माप कधी संपणार? मॅनेजर नवीन सर्व्हर मागायले म्हणालीस, अगं सर्व्हरचा काय दोष यात.

1000-1000 ओळींची बॅच कर, कमिट बॅचमागं एक. फक्त एक बघ, तुम्ही जावातून डाटाबेसशी बोलायला हायबरनेट वापरता आणि टेबलचा आयडी आयडेंटिटीवर (इन्सर्टच्या वेळी डाटाबेस नंबर देतो तसा) असेल तर बॅच साइज कितीही लिही, हायबरनेट इन्सर्टची बॅच गुपचूप बंद करतं. लोक यात दिवस घालवतात. आयडी सिक्वेन्सवर, म्हणजे आधीच नंबर देणाऱ्या काउंटरवर घे, नंबर 50 च्या गठ्ठ्यानं मिळतात, आणि दर बॅचला फ्लश आणि क्लिअर कर (साठलेलं डाटाबेसला पाठवून जागा मोकळी), नाहीतर मेमरी फुगत जाते. पोस्टग्रेसला जावाशी जोडणाऱ्या जेडीबीसी ड्रायव्हरमधे बॅचचे इन्सर्ट एकत्र लिहायचं सेटिंग आहे, ते मुळात बंद असतं, चालू कर.

पण मला विचारशील तर एवढ्या मालाला इन्सर्टच नको, कॉपी कमांड वापर, ती अख्खी फाइल एकदम टेबलात ओतते. आधी एक कच्चं टेबल, सगळे कॉलम टेक्स्ट, इंडेक्स (शोधायची सूची) नाही, अनलॉग्ड, म्हणजे लॉगमधे त्याची नोंद नाही. सर्व्हर पडला तर ते रिकामं होईल, होऊ दे, फाइल तर आपल्याकडं आहे. टेक्स्ट यासाठी की एका ओळीत तारीख वाकडी आली तर अख्खी कॉपी रद्द होते. मग तिथून साफसूफ करून एका ट्रान्झॅक्शनमधे (गेलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) मेन टेबलला टाक, बिल नंबरवर युनिक इंडेक्स आणि ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (नंबर आधीच असेल तर ओळ सोडायची). म्हणजे मधेच मेलं तर सकाळी परत चालवायचं, बिल दोनदा जात नाही. हेच मला सांगायचंय मनू, वेग तर हवाच, पण जॉब असा पाहिजे की पडला तरी कुणी उठून बसायची गरज नाही. संपला की एक अॅनलाइझ, म्हणजे डाटाबेस टेबलचा अंदाज नव्यानं घेतो, आणि तू तोपर्यंत झोपलेली. बघ, परत झोपेवर आलो.

इंडेक्स काढून लोड करायचं म्हणायलीस ते नव्या रिकाम्या टेबलला ठीक, तुमच्या टेबलवर रात्री पण रिपोर्ट चालतात, तिथं काढू नको. जे कुणी वापरत नाही ते मात्र कायमचं उडव, प्रत्येक इन्सर्टला प्रत्येक इंडेक्समधे एक नोंद जाते.

आणि ते एफसिंक, लिहिलेलं डिस्कवर नक्की उतरवायचं सेटिंग, बंद करायचं कोण शिकवलं तुला? सिंक्रोनस कमिट (कमिटला डिस्कसाठी थांबणं) बंद केलं तर सर्व्हर पडल्यावर शेवटच्या काही क्षणांचे कमिट जातील, डाटाबेस शाबूत राहील. एफसिंक बंद करून लाइट गेली तर अख्खा डाटाबेस खराब होऊ शकतो. मॅनेजर म्हणाले तरी करायचं नाही, मेलवर लेखी नाही म्हणायचं, तुझ्या हातून होत असलेल्या कामाची जबाबदारी...

जाऊ दे, माफ कर बाळा, लेक्चर झालं. कारखान्यावर सीझनमधे लाइट गेलेली मी बघितलीय. फॉक्सप्रो डाटाबेस होतं तेव्हा, इंडेक्स फाइल तुटली आणि उसाच्या काट्याच्या पावत्या परत एंटर करायला आम्ही बसलो, बाहेर बैलगाडीवाले थंडीत शेकोटी करून थांबलेले, त्यांच्या पोराबाळांचा पैसा होता तो. ते डोक्यातून जात नाही.

तू रात्री जागायला घाबरत नाहीस ते मला माहितीय. 2016 ला, एप्रिलमधे मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायला लागली त्या आधीपासून, गल्लीत टँकर रात्री-बेरात्री यायचा आणि तू घागरी लावून खांबाखालच्या उजेडात गणितं सोडवायचीस. आजी म्हणायची पोरीला झोपू द्या, आणि मी म्हणायचो करू दे, शिकतीय. तीच पोर आज एवढ्या मोठ्या कंपनीचं बिलिंग सांभाळती, मोंढ्यात कुणी भेटलं की मी सांगतोच, आवरत नाही मला. पण तेव्हा तुझं बीपी कुणी मोजलं नव्हतं, आणि आजीचं काय झालं ते तुला माहितीय, ते 56 व्या वर्षी झालं.

पिंट्या शनिवारी पुण्याला येतोय, आईनं धपाटे आणि शेंगाची चटणी दिलीय, चटणीत मीठ कमी टाकलंय, ओरडू नको. त्याच्याबरोबर बीपीचं मशीन पण पाठवलंय. सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवायच्या आधी मोजायचं, आकडा मला व्हॉट्सअॅपवर. डॉक्टरकडं या आठवड्यातच जा. आणि जॉबचा एका रात्रीचा लॉग पाठव, कमिट नेमके कुठं होतात ते मी बघून ठेवतो, रविवारी दुपारी फोनवर बोलू. रात्री करू नको फोन.

तुझे
अण्णा