पहिली कयाक घेताना

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. संथ पाण्यात सकाळी तासभर वल्हवत राहावे एवढीच तुझी इच्छा आहे, खर्च बेताचाच करायचा आहे, आणि पहिली कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी अरुंद नाव, कोणती घ्यावी हे ठरत नाही, असे तू लिहिले आहेस. तू रंग, आसन, सामान ठेवण्याची जागा अशा पुष्कळ गोष्टी विचारल्या आहेस. पण ती उचलणार कोण, हे कुठेच विचारलेले नाहीस, म्हणून मी तेथूनच सुरुवात करतो.

माझी पहिली कयाक दोन माणसांची होती. स्वस्त मिळत होती आणि कोणी ना कोणी सोबतीला येईलच असे वाटले, म्हणून घेतली. तिचे वजन जवळजवळ ३५ किलो होते. सोबतीला नेहमी कोण येणार? एकट्याने ती गाडीवर चढवायची, उतरवायची आणि काठापर्यंत न्यायची म्हणजे पाण्यात पाय टाकण्याआधीच कंबर धरून बसायची वेळ येई. बरे, मागच्या आसनावर एकटा बसलो की पुढचे टोक वर उचलले जाई आणि वाऱ्याची साधी झुळूकही ते भलतीकडे वळवी. शेवटी ती वर्षभर भिंतीला टेकून राहिली. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की जी तुला एकट्याला उचलून वीस-पंचवीस पावले चालता येईल, तीच कयाक घे. एका माणसाची साधी प्लॅस्टिकची कयाक साधारण २० ते २५ किलोंची असते, आणि तेवढे वजनही दुकानात प्रत्यक्ष उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

लांबी १० फुटांच्या आसपास आणि रुंदी २८ ते ३२ इंच असली, तर संथ पाण्यासाठी ती पुरेशी आहे. याहून आखूड आणि रुंद नाव डोलत नाही, चटकन वळते, पण सरळ जात नाही. प्रत्येक वल्ह्यागणिक तिचे तोंड डावी-उजवीकडे झुलत राहते आणि अर्धी ताकद ते सरळ करण्यातच जाते. लांब व अरुंद नाव सरळ व वेगाने जाते, पण नवख्याला ती पहिल्या दिवशी घाबरवते. ग्रीनलंडमधले इनुइट लोक आपली कयाक स्वतःच्या अंगाच्या मापाने बांधत: दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या लांबीच्या तिप्पट लांबी, आणि बसण्याच्या जागी नितंबांची रुंदी अधिक दोन मुठी. आपण तयार नाव घेणार, तरी माप अंगाचेच असावे. तेव्हा आत पंधरा मिनिटे बसून पाहा. पाय टेकणीवर ठेवून गुडघे किंचित वाकलेले राहिले आणि पाठीला टेका मिळाला, तरच पुढे बोलणी कर. कयाकीवर लिहिलेली भारमर्यादा अगदी काठोकाठ गाठू नकोस. तुझे आणि सामानाचे मिळून वजन त्या मर्यादेच्या दोन-तृतीयांशाच्या आत असावे.

वर उघडी की आत पाय घालून बसायची, या प्रश्नाला माझे उत्तर उघडी असे आहे. तिच्या तळातल्या आरपार छिद्रांतून पाणी आपोआप निघून जाते, आणि पडलास तर ती सरळ करून पुन्हा वर चढता येते. बूड थोडे ओले होते, एवढेच. आत बसण्याची कयाक वाऱ्यापासून जपते खरी, पण उलटली की तिच्यात पाणी भरते, आणि आत हवाबंद कप्पे नसतील तर शेकडो लिटर, म्हणजे तितकेच किलो, खोल पाण्यात एकट्याने उपसणे जवळजवळ अशक्य असते. हवा भरण्याची कयाक जागा नसेल तरच घे, आणि तीही जाड कापडाची, एकाहून अधिक कप्प्यांची.

वापरलेली घ्यायला अजिबात कचरू नकोस. तुझ्यासाठी तोच उत्तम मार्ग आहे. पॉलिइथिलीन, म्हणजे कयाकीच्या नेहमीच्या प्लॅस्टिकवरचे ओरखडे निरुपद्रवी असतात, पोचेही पुष्कळदा उन्हात भरून येतात. चीर मात्र सोडून दे, कारण या प्लॅस्टिकला साधा गोंद धरत नाही. ओढत नेल्याने झिजलेले मागचे टोक आणि छिद्रांच्या कडा बोटाने चाचपून पाहा. रंग उडून पृष्ठभाग खडूसारखा झाला असेल, तर ती वर्षानुवर्षे उन्हात पडून होती असे समज.

नावेत वाचलेले पैसे वल्हे आणि लाइफ जॅकेट यांवर घाल. तासाभरात वल्हे शेकडो वेळा उचलावे लागते, त्यामुळे त्यातले पाव किलोही खांद्यांना जाणवते. तुझ्या उंचीला आणि एवढ्या रुंद नावेला २३० सेंटिमीटरचे, फायबरग्लासच्या दांड्याचे वल्हे बरे पडेल. जॅकेट मात्र अंगात घालायचे. मागे बांधून ठेवलेले जॅकेट पडल्यावर हाती लागत नाही.

कयाक पाहायला जाशील तेव्हा मला आधी कळव. मी येतो, सोबत दोन बादल्या आणतो. तिच्या पोकळ अंगाच्या आत पाणी ओतून, दोन्ही टोके धरून ती उचलू आणि खालून कुठे थेंब येतो का ते पाहू.

तुझा स्नेही