आबांना मागून ढकलू नका

संपादक महोदय,

गेल्या मंगळवारी तालुक्याच्या बसस्थानकावर माझे वडील बसच्या पायरीशी जागच्या जागी थबकले. मागून कुणीतरी ओरडलं, ‘चढा की म्हातारबा!’ आणि पाठीत हात दिला. आबा पडले. उठवताना एक जण म्हणाला, ‘सकाळीच घेतलेली दिसते.’ आबा चाळीस वर्षांचे माळकरी आहेत. गुडघ्याचं खरचटलेलं भरून आलं, ते वाक्य अजून त्यांच्या मनातून जात नाही.

त्यांना सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे. हाताची थरथर सगळ्यांना दिसते, पण पाय जमिनीला चिकटतात हे कुणाला कळत नाही. चालणं, गुंड्या लावणं ही कामं आपण सवयीनं, मन न घालता करतो. मेंदूच्या खोल भागात ही सवय सांभाळली जाते आणि त्यासाठी डोपामिन नावाचं रसायन लागतं. ते तयार करणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात, आणि सवयीचं काम पाहणाऱ्या भागाला त्याची झळ आधी बसते. म्हणून आबांना एकेक पाऊल ठरवून टाकावं लागतं. त्यातच कुणी ‘सुट्टे काढा’ म्हटलं, की लक्ष पैशांकडे जातं आणि पाय थांबतो.

आम्हाला हे उमगलं ते रानात. घरात गुळगुळीत फरशीवर, दाराच्या चौकटीत अडकणारे आबा लागवडीआधी पाडलेल्या सऱ्या एकेक ओलांडत थेट विहिरीपर्यंत गेले. आई बांधावर बसून रडली. डॉक्टरांनी सांगितलं, ओलांडायला समोर रेघ दिसली की मेंदू सवयीची वाट सोडून दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो. मग आम्ही न्हाणीपर्यंत पावला-पावलाच्या अंतरावर पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. आता बहुतेक वेळा ते एकटे जातात. गोळीला उशीर झाला, तर मात्र रेघांचाही उपयोग होत नाही.

असं कुणी अडकलेलं दिसलं तर ओढू नका, घाई करू नका. शेजारी उभं राहून ‘एक, दोन’ असा ठेका धरा, किंवा आपलं पाऊल त्यांच्या पुढे आडवं ठेवा आणि ते ओलांडायला सांगा. बसस्थानकं, बँका, दवाखाने यांच्या दारांशी अशा चार रेघा रंगवायला रंगाचा एक छोटा डबा पुरेल.

येत्या सोमवारी तपासणीसाठी आम्हाला बसनंच छत्रपती संभाजीनगरला जायचं आहे. आबा नको म्हणतात.

– एक वाचक, जि. परभणी